वईवरून आलेलं सांडणीचं दूध

"बाई, ह्याच्यावर काय लिवलंय ते वाचा बघू. पोरानं नाशकाहून पाठवलंय, दिवाळीत नातू येईल तवा लागंल म्हणून. दूध हाय म्हणतो, पण हलवलं तर खुळखुळ वाजतंय."

निरगुडीच्या वईवरून मावशींनी एक चकचकीत पाकीट माझ्या हातात दिलं. वर उंटाचं चित्र, खाली मुंगीच्या पावलाएवढी इंग्रजी अक्षरं आणि कोपऱ्यात किंमत. किंमत मी मनातच वाचली. मावशींना ती मोठ्याने सांगितली असती, तर पाकीट देव्हाऱ्यात गेलं असतं.

"मावशी, ही उंटिणीच्या दुधाची पावडर आहे."

"उंटिणीच्या?" त्यांनी शेळीचं दावं सोडून दिलं. शेळीने ती संधी साधून माझ्या कढीपत्त्याकडे मोर्चा वळवला.

पडवीत बाबा सुतळी वळत बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "उंटावरचा शहाणा ऐकला होता. उंटाखालचं दूध आज ऐकलं."

आमच्या जामसरात वई ही हद्द दाखवायला असते, असं फक्त तलाठी मानतो. शाळा सुटली, की मी इकडच्या बाजूला आणि मावशी तिकडच्या बाजूला. जव्हारच्या बाजारभावापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांचा निकाल तिथे लागतो. त्या दिवशी मात्र विषय फारच लांबून, पार वाळवंटातून आला होता.

प्रकरण असं. मावशींचा मुलगा नाशिकला अंबडच्या कारखान्यात आहे. त्याच्या धाकट्याला गाईचं दूध सुरू केल्यापासून अंगावर गांधी यायच्या, उलट्या व्हायच्या, शौचातून रक्तही दिसलं. डॉक्टरांनी सांगितलं, गाईच्या दुधातली प्रथिनं ह्याला चालत नाहीत, ते दूध बंद. मावशींना हे स्वतःच्या गाईवरचं बालंट वाटलं.

"पिशवीतलं दूध देत असतील. आमच्या डांगीचं असतं तर बाधलं नसतं."

डांगी गाईबद्दल इथे कुणी वाकडा शब्द काढत नाही. आमच्या भागातला मुसळधार पाऊस अंगावर घेणारी ही जात. कातडी तेलकट, खूर टणक, चिखलात बैल मागे हटत नाही. दूध मात्र बेताचंच देते. वासराचं पोट भरल्यावर लोटाभर उरलं तर उरलं. त्यामुळे इथे कितीतरी घरांत चहा कोराच असतो, आणि पाहुणा आला तरी कोराच असतो. ‘गाईच्या दुधाला पर्याय’ हा शहरातला विषय इथे बोलायला घेतला, की आधी गाईचं दूध कुठे आहे, हा प्रश्न येतो. 1992 साली ह्याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा कुणाला गाईचं बाधतं आणि कुणाला म्हशीचं, हे विचारण्याची वेळच आली नव्हती.

"मग मी काय केलं," मावशी म्हणाल्या, "शेळीचं दूध काढलं, उकळलं, बाटलीत भरलं आणि नाशकाची एस्टी धरली. मोखाडा, त्र्यंबक, सगळ्या घाटात बाटली मांडीवर. आणि तो डॉक्टर काय म्हणाला? म्हणे शेळीचं पण नको! गांधीबाबा पीत होता ते माझ्या नातवाला चालत नाय?"

गांधीजींचं खरं होतं, पण त्यांची अडचण वेगळी होती. गाई-म्हशींचा पान्हा ओढून काढायला त्या काळी फुंक्याचे क्रूर प्रकार करत. ते कळल्यावर त्यांनी दूधच सोडलं. 1919 च्या सुरुवातीला मुंबईत आजारपणानंतर तब्येत सावरेना. डॉक्टर दलाल दूध घ्या म्हणून मागे लागले, तेव्हा कस्तुरबांनी बाजूने विचारलं, की शेळीच्या दुधाला तर तुमची हरकत नसेल? गांधीजींनी ते मान्य केलं, आणि शपथेचा शब्द पाळला तरी अर्थ मोडला ही टोचणी मात्र त्यांनी स्वतःच लिहून ठेवली. त्यांना दूध पचत होतं, अडत होतं ते मन. मावशींच्या नातवाचं उलटं.

हे मी मावशींना जमेल तसं समजावलं. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही सगळी एकमेकांच्या जवळची भावकी. त्यांच्या दुधातली प्रथिनंही एकमेकांसारखी. ज्या मुलाचं अंग गाईच्या प्रथिनांवर उठतं, त्याचं बहुधा शेळीच्याही प्रथिनांवर उठतं. उंट त्या भावकीतला नाही. त्याच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन नसतंच, आणि आईच्या दुधातही ते नसतं. म्हणून गाईचं न चालणाऱ्या काही मुलांना उंटिणीचं चालतं.

"काही मुलांना?"

"काहींना. सगळ्यांना नाही. म्हणून तर डॉक्टरांच्या समोरच पहिल्यांदा देऊन बघतात."

"म्हंजे माझी शेळी भावकीत गेली." मावशींनी कढीपत्त्यातून शेळीला ओढून आणलं आणि तिच्या पाठीवर उगीच एक चापट मारली.

एवढ्यात आशाताई आली. खांद्याला पिशवी, पिशवीत रजिस्टर, आणि आरोग्य केंद्रातल्या सगळ्या बातम्या. पाकीट पाहून तिने पहिला प्रश्न विचारला, "मूल किती महिन्यांचं?"

"वर्ष उलटलं गं."

"मग ठीक. वर्षाच्या आतलं असतं, तर उंट काय नि हत्ती काय, वरचं दूध देऊच नका म्हटलं असतं. आईचं पाजा. वरचं खाणं सहा महिन्यांनंतर. आणि दूध बंद केलं म्हणून बाकीचं बंद करू नका. अंडं, केळं, नागलीचं सत्त्व, डाळ, सगळं चालू ठेवायचं."

आशाताईचं हे एका दमात चालतं. अंगणवाडीत अमृत आहाराची अंडी वाटताना ऐकून ऐकून पोरांनाही पाठ झालंय. पण त्या दिवशी तिला अडवलं ते बाबांनी.

"आणि साखरेला? उंटाच्या दुधानं साखर उतरते ना? मोबाइलवर एक जण सांगत होता. गोळी सोडली म्हणे त्यानं."

तर बाबांचं लक्ष सुतळीवर नव्हतंच. बाबांना मधुमेह आहे, आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात, आणि त्या न घेण्याची सबब ते कायम शोधत असतात. आशाताईने कमरेवर हात ठेवले. मी मध्ये पडले, कारण ह्या गोष्टीत थोडं खरं आहे आणि ते थोडंच सांगायला हवं होतं.

बिकानेरच्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी राजस्थानातल्या रायका लोकांचा अभ्यास केला. हे पिढीजात उंटपाळ, उंटिणीचं दूध नेहमीच्या पोटातलं. त्यांच्यात मधुमेह फार कमी आढळला. पुढे त्याच डॉक्टरांनी इन्सुलिन घेणाऱ्या थोड्या रुग्णांना रोज अर्धा लिटर हे दूध दिलं, तेव्हा काहींची इन्सुलिनची मात्रा कमी करता आली. ह्या दुधात इन्सुलिनसारखं काहीतरी असतं आणि ते पोटातल्या आम्लातून निभावून जातं, असा एक तर्क आहे. पण रुग्ण मूठभर होते, औषध चालू होतं, डॉक्टर मोजत होते. शिवाय रायका माणूस दूध पितो तसा दिवसभर उंटामागे चालतोही.

"म्हंजे चालायचं," बाबा नाराज होऊन म्हणाले.

"आणि गोळी घ्यायची," आशाताई म्हणाली. तिने तिथल्या तिथे पाण्याचा तांब्या मागवून त्यांना ती घ्यायला लावली.

मोबाइलवर ह्या दुधाचे जे गुण गातात, ते ऐकले तर दवाखाने बंदच करावे लागतील. साखर, गुडघे, केस, कांती, मुलांची बुद्धी. मागे आपल्याकडे गाढविणीचं दूध चमचा-चमचा विकत फिरायचे, तेही असंच सर्वरोगहारी होतं. माझं मत विचाराल तर एवढं सगळं जोडलं, की चांगल्या वस्तूची पत जाते. उंटिणीच्या दुधात क जीवनसत्त्व गाईच्या दुधापेक्षा बरंच जास्त असतं आणि लोहही. फळं-भाज्या न मिळणाऱ्या वाळवंटात लोक त्यावर तगले, हे काय कमी आहे? आणखी एक गैरसमज असा, की ज्याला दुधाने पोट फुगतं, जुलाब होतात, त्याला हे हमखास चालेल. ती साखरेची, म्हणजे लॅक्टोजची तक्रार. लॅक्टोज ह्यातही असतं, गाईपेक्षा जरासं कमी एवढंच.

विज्ञान झालं, आता प्रयोग. मावशींनी चूल फुंकली.

"चमचाभर घेतलं तर सून काही मोजत नाय," त्या म्हणाल्या. मला ह्या विधानाची खात्री वाटली नाही, पण माझी जीभही तितकीच उत्सुक होती.

कोमट पाण्यात पावडर विरघळली. दूध पांढरंशुभ्र, पिवळेपणाची झाक नाही. पातळ, आणि ढवळलं की वर फेस. पहिला घोट मावशींचा. त्यांनी तो तोंडात फिरवला आणि वईकडे पाहिलं, थुंकायचं की गिळायचं ते ठरवत. गिळला.

"मीठ कुणी घातलं?"

मीठ कुणी घातलं नव्हतं. त्याची चवच जराशी खारट. उंट काय चरतो त्यावर ती कमी-जास्त होते. खारी झुडपं खाल्ली की जास्त. मला ते वाईट लागलं नाही. मागे गोडसर काहीतरी रेंगाळतं. आशाताईने "ड्यूटीवर आहे" म्हणून नाकारलं आणि मग बशीतलं प्यायली. चहा मात्र छान झाला. राजस्थानात, कच्छात उंटपाळ ह्याच दुधाचा दाट चहा करतात, ते खोटं नाही.

मावशींचं समाधान चहाने होणारं नव्हतं. दूध म्हटलं की त्याला साय हवी आणि दही लागायला हवं. त्यांनी उरलेलं दूध मातीच्या बोळक्यात विरजलं, वर फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी बोळकं वईवर आलं. आत आंबूस पातळ पाणी, त्यात थोडे कण.

"माझं विरजण कधी फसत नाय. सगळ्या पाड्यावर जातं माझं विरजण."

विरजण बिचारं निर्दोष होतं. दुधाचे कण एकमेकांना धरून घट्ट दही होण्यासाठी कप्पा-केसिन नावाचं प्रथिन लागतं, ते ह्या दुधात फार थोडं. म्हणून दही सैल राहतं. स्निग्धांशाचे थेंबही इतके बारीक, की वर येऊन साय धरत नाहीत. लोणी काढायचं तर हात दुखून येतात. मावशींनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला: "दही नाय, लोणी नाय, मग जनावर पाळायचं कशाला?"

हा प्रश्न त्यांनी चेष्टेत विचारला, पण आज उंटपाळही तोच विचारताहेत. पूर्वी उंट पाळायचा तो ओझ्यासाठी, गाड्यासाठी, स्वारीसाठी. आपल्या पेशव्यांची पत्रंही सांडणीस्वारच न्यायचे. सांडणी ही वेगाने पळणारी उंटीण, म्हणजे मावशींच्या पाकिटातल्या दुधाची आजी पुण्याच्या रस्त्यांवरून धावून गेली आहे. रायका लोकांत तर उंटिणीचं दूध विकणं पूर्वी पाप मानत. आता ट्रक आले, ट्रॅक्टर आले, उंटाचं काम संपलं. 2012 ची पशुगणना झाली तेव्हा देशात चार लाख उंट होते, 2019 ला अडीच लाख राहिले. राजस्थानने 2014 मध्ये उंटाला राज्याचा पशू केलं आणि 2015 मध्ये कायदा करून त्याची कत्तल बंद केली आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले. हेतू चांगला होता. पण गिऱ्हाईकच नाही म्हटल्यावर नर उंटाचे भाव कोसळले, आणि पाळणारे म्हणू लागले, की ह्या मानाच्या पशूला आम्ही पोसायचं कसं?

"आमच्या पोरानं पाहिलेत ना उंट," मावशी एकदम म्हणाल्या. "त्याच्या कारखान्याजवळच. शंभराच्या वर होते म्हणे."

ही गोष्ट खरी. 2023 च्या मे महिन्यात भर उन्हाळ्यात उंटांचे कळप नाशिकमध्ये चालत आले. कत्तलीसाठी हैदराबादकडे नेतात असा संशय आला, प्रशासनाने ते ताब्यात घेतले आणि शंभराहून जास्त उंट अंबडजवळच्या चुंचाळे पांजरपोळात ठेवले. काही उंट तिथे दगावले. शेवटी त्यांना सांभाळायला राजस्थानातून रायका बोलवावे लागले आणि कळप पायी पायी परत निघाला. अंबडचे कामगार सुटी झाली, की उंट बघायला जायचे. मावशींच्या मुलाच्या डोक्यात उंट शिरला तो तिथेच. पुढे डॉक्टरांनी हे नाव काढलं, तेव्हा त्याला ते परकं वाटलं नाही.

संशय नेहमीच खरा असतो असंही नाही. त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी 2022 मध्ये, अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी 58 उंट आणि कच्छचे पाच रबारी पशुपालक ताब्यात घेतले. आरोप तोच, हैदराबाद आणि कत्तल. उंट अमरावतीच्या गोरक्षणात गेले. आता विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, रबाऱ्यांचे डेरे तिथे कितीतरी वर्षांपासून फिरतात. शेतात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, आणि उंटांवर त्यांचा संसार लादलेला असतो. न्यायालयाने उंट मालकांना परत द्यायला सांगितलं. उंटावर बसून शेळ्या हाकणारे आपल्याकडे खूप. मेंढ्यांमागे उंट घेऊन चालणारा दिसला, की मात्र त्याला चोर समजतात.

"आणि दूध? ते कोण काढतं?" मावशींना जनावराची खरी चौकशी आता सुरू करायची होती.

मी माझ्या अहमदाबादच्या मावसबहिणीकडून ऐकलेलं आणि वाचलेलं सगळं सांगितलं. उंटीण तेरा महिने गाभण राहते. पिल्लू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाही. आधी पिल्लाला लावायचं, मग दोन सडांचं आपण काढायचं, दोन त्याला सोडायची. काढणारा उभ्यानेच काढतो, एक पाय दुमडून, गुडघ्यावर भांडं तोलून.

"पिल्लाचं पिल्लाला, हे आमच्यासारखंच," मावशींना पहिल्यांदाच उंटवाले जवळचे वाटले.

कच्छमध्ये जत आणि रबारी उंटपाळांनी संघटना बांधली. 2016 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उंटिणीच्या दुधाचं मानक ठरवलं. आधी तीन टक्के स्निग्धांश सांगितला होता. तो बसेना म्हणून पुढे दोनवर आणला. मग कच्छची सरहद डेअरी दूध गोळा करू लागली आणि जानेवारी 2019 मध्ये अमूलने अर्ध्या लिटरची बाटली पन्नास रुपयांना गुजरातच्या बाजारात आणली. ती फ्रिजमध्ये जेमतेम तीन दिवस टिकायची. म्हणून लांबच्या गावांना पावडर, आणि पावडर म्हटली की किंमत चढली. माझी मावसबहीण ते दूध हौसेने प्यायची. कारण विचारलं तर म्हणायची, "विकलं गेलं तर उंट राहतील." बाकी कुठल्याही गुणापेक्षा मला हे कारण जास्त पटतं.

"पण एक सांगते," आशाताई रजिस्टर मिटत म्हणाली, "कुणी उंटवाला वाटेत भेटला आणि धारोष्ण घ्या म्हणाला, तर घ्यायचं नाही. उकळून. ब्रुसेलोसिसचा ताप लागला तर महिनोन्‌महिने उतरत नाही."

"इथं कुठला उंटवाला?" मावशी म्हणाल्या, आणि लगेच डोळे बारीक केले. "बाई, आपणच एक सांडणी आणली तर? बचत गटातनं?"

बाबा हसून हसून खोकू लागले. मी मात्र गंभीरपणे सांगितलं, की कच्छमध्ये खराई नावाचा एक उंट आहे, 2015 साली त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. तो समुद्रात पोहतो आणि बेटांवर जाऊन तिवराचा पाला खातो.

"तिवर तर सातपाटीला हाय!"

"आहे. पण पाऊस? जून ते सप्टेंबर तुमची सांडणी उभी कुठे राहणार? चिखलात तिचा मऊ तळवा घसरणार, अंगाला खरूज लागणार, माश्यांनी सर्रा रोग होणार. डांगीचं कातडं तिला नाही."

मावशींनी पडवीकडे, गोठ्याकडे, गोठ्याच्या बुटक्या दाराकडे पाहिलं. सांडणीची मान कुठपर्यंत येईल ह्याचा त्यांनी अंदाज घेतला असावा.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "नातवाला सोसतंय ना, तेवढ्यापुरतं पाकीट. डॉक्टर म्हणाला, मोठा झाला की पुष्कळ पोरांना गाईचं चालायला लागतं. मग माझी शेळी हायच."

एवढं बोलून त्यांनी पाकीट परत घेतलं, तोंड दुमडून रबर लावायला गेल्या आणि थबकल्या. हलवून पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. चहा, बशी, बोळकं, आणि रात्री कुणीतरी गुपचूप साखरेवरचा इलाज म्हणून घेतलेलं, असं सगळं मिळून पाकीट बरंच हलकं झालं होतं.

"दिवाळीत सून येईल ती पहिलं हेच बघेल. काय सांगू तिला?"

बाबांनी सुतळीवरून मान वर केली नाही.

"सांग, नाशकाचे उंट परत गेले ना, त्यांच्याबरोबर गेलं."